ब्याण्णवाची रेघ

शेलूबाजारच्या शाळेत माणिकरावांनी सारी नोकरी एक वाक्य शिकवले: उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते. वाक्याच्या सत्यतेविषयी त्यांना शंका नव्हती. अडचण एवढीच होती की, ते घडताना त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याने पाहिलेले आपल्या वहीत लिहायचे नाही, असे ते विद्यार्थ्यांना बजावत आणि नेमक्या या धड्याला फळा पुसायला वळत. त्यामुळे निवृत्तीनंतर शेजारच्या जानरावांनी सिमल्याच्या सहलीचा विषय काढताच त्यांनी होकार दिला आणि स्वेटरच्या घडीत प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर गुंडाळून घेतला.

सहलीचा कारभार जानरावांकडे होता. ते सोयाबीनचे शेतकरी. प्रेक्षणीय स्थळांकडेही ते पेरणीच्या नजरेने पाहत, म्हणजे वाफसा आहे तोवर आटपायचे. रिज, मॉल रोड, कुफरी असा सपाटा चालला होता. गारव्यासाठी एवढ्या लांब आलेल्या या दोन्ही जोडप्यांच्या सवयी मात्र गावाकडच्याच राहिल्या होत्या. टॅक्सीत शिरताना प्रत्येक जण सावलीची बाजू धरी. रिजवर सारे पर्यटक उन्हात अंग शेकत बसले असताना ही वाशीम जिल्ह्याची मंडळी चर्चच्या सावलीत कुडकुडत उभी राहिली आणि थंडी फार आहे, अशी तक्रार करू लागली. हा काही नवस आहे का, असे टॅक्सीवाल्या हेमसिंगने अदबीने विचारून घेतले.

त्यातच माणिकरावांच्या पत्नी रत्नमालाबाईंचा कांदा होता. ऊन लागू नये म्हणून गावाहून निघताना त्यांनी तो नवऱ्याच्या खिशात घातला होता. खिशातला कांदा शरीराचे तापमान कोणत्या मार्गाने उतरवतो, हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही, असे सांगून माणिकरावांनी तो अकोल्याला काढून ठेवला. कालका स्टेशनवर तो पुन्हा खिशात सापडला. शेवटच्या सकाळी त्यांचा हात लोकरी कोटाच्या खिशात गेला आणि तेथेच थांबला.

"रत्नमाला, इथं ऊन कुठं हाय?"

"घरी उतरू तवा लागन न. राहू द्या, तुमाले खात थोडाच हाय तो."

वाद घालायला वेळ नव्हता. संध्याकाळी परतीची गाडी होती आणि फक्त जाखू टेकडी उरली होती. सिमला शहरातली सर्वांत उंच जागा तीच असल्याने माणिकरावांनी आपला प्रयोग तिच्यासाठी राखून ठेवला होता. वर माकडे चष्मे पळवतात, तेव्हा तो काढून ठेवावा, असे हेमसिंगने सांगितले. शंभर पर्यटकांपैकी किती जणांचा जातो, असे माणिकरावांनी विचारले. टक्केवारी त्याच्यापाशी नव्हती. चष्मा नाकावरच राहिला.

वर चहाच्या टपरीवाल्याला त्यांनी चहा नको, निव्वळ पाणी उकळून दे, असे सांगितले. साखरेने उत्कलनबिंदू बदलतो, हे कारणही दिले. टपरीवाल्याने चहाचेच पैसे लावून पातेले चढवले. पाण्याला बुडबुडे आले, थर्मामीटर आत गेला आणि त्याच क्षणी माणिकरावांच्या खांद्यावर मागून काही वजनदार आदळले. जग पुसट झाले. टपरीच्या पत्र्यावर एक माकड चष्म्याची काडी मन लावून चघळत बसले.

जानराव पातेल्यावर वाकले.

"मास्तर, मी वाचतो न. कोणती रेघ पाहू, सांगा."

"तुमी वाचलं तर ते तुमचं होईन, जानराव."

जानरावांना हे पटले नाही; पण मास्तरांचा आवाज इतका बारीक झालेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. खायला दिले की माकड चष्मा सोडते, असे टपरीवाल्याने सांगितले. जानरावांचे फुटाणे माकडांनी पायऱ्यांवरच नेले होते. रत्नमालाबाईंनी कोणाशी चर्चा केली नाही. त्यांनी नवऱ्याच्या खिशात हात घातला आणि कांदा वर धरला.

तो धरायला माकडाला दोन्ही हात लागले. चष्मा पत्र्यावरून घसरत जानरावांच्या मफलरात पडला. माकडाने कांदा सोलला, चावा घेतला आणि रत्नमालाबाईंकडे असे पाहिले की त्यांना आपली सासू आठवली.

चघळलेल्या काडीचा चष्मा एका हाताने डोळ्यांपुढे धरून माणिकराव वाकले. पारा ब्याण्णवाच्या रेघेवर होता. त्यांनी ज्योत मोठी करवली. पाणी खदखदले, पारा हलला नाही. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"मंग?" जानराव म्हणाले. "किती कमी पडले?"

"आठ."

"एवढ्यासाठी आलो आपण?"

"हाव," माणिकराव म्हणाले आणि थर्मामीटर स्वेटरने पुसू लागले. चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या. त्याचे कारण वाफ, असे त्यांनी नंतर सांगितले.

गावी परतल्यावर मेच्या रखरखीत दुपारी ते स्टँडकडे निघाले, तेव्हा काडीला दोरा बांधलेला चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. रत्नमालाबाई त्या खिशाकडे पाहत राहिल्या.

"उन्हाशी याचा संबंध नाही," माणिकराव म्हणाले. "माकड आलं तर असावा."

"शेलूबाजारची माकडं चष्मा नेत नाहीत."

"अजून नेला नाही," ते म्हणाले आणि सावलीची बाजू धरून चालू लागले.