पीटरचे बूट

गाड्यांचा कारखाना बंद पडल्यावर रसेल टकर मोबाइलवर येणारी किरकोळ कामं करू लागला. ऑस्ट्रेलियातल्या त्या जिलाँग शहरात अशी कामं पुष्कळ मिळत. कुणाचं कपाट जोडून द्यायचं, कुणाचं गवत कापायचं. काम टाकणारा ॲपवर लिहितो, आपण हो म्हणायचं, झालं की तो तारे देतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणा साहेबाचं तोंड बघावं लागत नाही, यातच त्याला सुख होतं.

इनेका व्हान डोर्सेन नावाच्या बाईंचं काम मात्र त्याने दोनदा वाचलं. दर मंगळवारी दुपारी चारला बाजूच्या फाटकाने आत यायचं, त्या देतील ते बूट घालून. परसातल्या नळावर हात धुवायचे आणि निघून जायचं. बोलायचं नाही.

भेटल्यावर तिने सगळं सांगितलं. वडील, विलेम, सत्त्याऐंशीचे, डोळे जवळजवळ गेलेले. भाऊ पीटर सहा वर्षांपूर्वी बोट घेऊन मासे धरायला गेला, तो परतला नाही. तो दर मंगळवारी कामावरून सुटला की वडिलांकडे यायचा. ते अजूनही खिडकीशी बसून राहतात, आणि कुणी आलं नाही की दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नाहीत.

"ही फसवणूक आहे, कळतं मला," ती म्हणाली. "पण बुटांचा आणि नळाचा आवाज ऐकला, की पीटर आला असं वाटून ते जेवतील हो."

रसेलला पटलं नव्हतं, तरी त्याने पीटरचे बूट पायात चढवले. त्याच्याच मापाचे निघाले.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने दोन वाट्या सूप घेतलं. इनेकाने पाच तारे दिले.

पाचव्या मंगळवारी तिचा मेसेज आला. आज तुम्ही नळ दोनदा सोडलात, तेही बरं केलंत, पीटर आधी हात धुवायचा आणि मग तोंड. रसेलने नळ एकदाच सोडला होता. तिला भास झाला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

पुढच्या मंगळवारी त्याने नळ आवळून बंद केला आणि तो फाटकापर्यंत आला. मागे पाणी वाहू लागलं. तो वळला. नळ पूर्ण सुटलेला होता आणि परसात कुणी नव्हतं. परत जाऊन त्याने नळ बंद केला. तेवढ्यात खिडकी उघडली.

"तू पीटर नाहीस," विलेम शांतपणे म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं मला. तू डावा पाय घासत चालतोस."

बोलायचं नव्हतं, तरी रसेल म्हणाला, "माफ करा."

"माफी कसली? तू आलास की तो तुझ्या मागोमाग येतो. एकट्याला वाट सापडत नसेल. तू येत जा, बाळा. इनेकाला सांगू नकोस, घाबरेल ती."

घरी त्याची बायको कोरल म्हणाली, सोडून दे हे काम. काम रद्द करायला त्याने मोबाइल हातात घेतलाही, आणि तसाच ठेवून दिला. सगळा हिवाळा तो जात राहिला. आत शिरल्यावर फाटक क्षणभर उघडं धरायचा. कधी मानेला गार हवा लागायची, कधी ओल्या दोरखंडाचा वास यायचा. मागे वळून तो बघत नसे.

सप्टेंबरात विलेम झोपेतच गेले. इनेकाने काम बंद केलं, बूट परत घेतले. तरी पुढच्या मंगळवारी चारला रसेल तिथे गेला, स्वतःच्याच बुटांनी. त्याने हात धुतले आणि फाटकाशी पंधरा मिनिटं उभा राहिला. मागे काही हललं नाही. सुटलो असं वाटायला हवं होतं, पण त्याचा तिथून पाय निघेना.

इनेकाने त्याला आत बोलावून कॉफी दिली. मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही.

"कसा दिसत होता तो?" तिने विचारलं.

"एकदाच वळलो होतो, कुणी नव्हतं. नंतर मी बघितलंच नाही."

"मी बघितलं असतं," इनेका म्हणाली.