हनीफभाई अजून बाकी आहे

२००४ च्या उन्हाळ्यात ओझरला टेनिस बॉलची स्पर्धा भरली होती. प्रत्येक गावाला बाहेरचा एकच खेळाडू घेता येई आणि एकदा दिलेलं नाव बदलता येत नसे. डिंगोरेकरांनी जुन्नरच्या महंमद हनीफचं नाव दिलं. एवढी बिदागी स्पर्धेत दुसऱ्या कोणाला नव्हती. एके काळी त्याचे षटकार शोधायला माणसं पाठवावी लागत. आता चाळिशी उलटली होती. तीन सामन्यांत मिळून त्याने सहा धावा केल्या होत्या.

उपांत्य सामना महाळुंगे पडवळशी होता. कप्तान कुंडलिकने सकाळीच त्याला बाजूला घेतलं.

"भाई, राग मानू नका. आज बॅट घेऊन बाउंड्रीच्या रेषेवर उभं राहायचं. विकेट पडली की दोन पावलं आत यायचं. खेळायला मात्र जायाचं न्हाई."

"मग आणलं कशाला मला?"

"त्यांचा आदेश लई फास्ट टाकतो. त्याच्या दोन्ही ओव्हर ते तुमच्यासाठी राखून ठेवणार. तुमी बाहेर, तवर आदेश बी गप."

हनीफने बॅट उचलली. त्याची मुलगी फरहा आज पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आली होती.

आठ ओव्हरचा सामना, एका गोलंदाजाला दोनच ओव्हर. डिंगोरेची फलंदाजी नंतर होती. डिंगोरेची पहिली विकेट पडली. हनीफ बॅट फिरवत दोन पावलं आत आला. तिकडे आदेश हात मोकळे करू लागला. कुंडलिकने भरतला पाठवलं. पुढच्या दोन्ही विकेटला तेच. लोक हसू लागले.

"ओ पावणं, बॅट झिजंल फिरवून!"

"फिरवू द्या राव, वारा लागतोय आमाला!"

फरहाने मान खाली घातली.

सातव्या ओव्हरला महाळुंगेकरांचा धीर सुटला. आदेशने येऊन तिघांना बाद केलं, तिसऱ्याला शेवटच्या चेंडूवर. पण लागोपाठ दोन ओव्हर एकाला टाकता येत नाहीत. शेवटच्या ओव्हरमध्ये पाच धावा हव्या होत्या.

"आता आदेश संपला," हनीफ म्हणाला. "आता तरी जाऊ दे. पोरगी बसलीय तिथं."

कुंडलिकने तिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाई, उद्या फायनल हाय. तुमी आज शून्यावर गेला, तर उद्या तुमाला कोण भिणार?"

त्याने बहिरूला पाठवलं. बहिरूने एक चौकार मारला, मग एक धाव पळून काढली. डिंगोरे जिंकलं.

फरहा जवळ आली. "अब्बा, तुम्ही का नाही गेलात?"

फायनलला पोचलेल्या दुसऱ्या संघाची पोरं तिथंच पाणी पीत होती. त्यांचे कान इकडेच होते.

"गरजच पडली नाही," हनीफ मोठ्याने म्हणाला.

"मग उद्या येऊ मी?"

"नको. ऊन फार लागतं."