मोरीच्या तोंडातली होडी

मंगळवारी दुपारी तीन वाजता घणसोली गावातल्या नाल्याचं पाणी रस्त्याखालच्या मोरीशी अडलं आणि मागच्या आळीत शिरलं. वादळ सुरू होतं, खाडीला भरती होती. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सितारामने बायकोला, गीतांजलीला, शेजारच्या जिन्यावर चढवलं आणि गॅसची टाकी आणायला तो परत खोलीत गेला. येताना नाल्याच्या ओढीत सापडला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

पाणी ओसरल्यावर गावदेवीच्या देवळापाशी माणसं जमली. गीतांजलीही एका कडेला उभी होती. भाडेकरू नाल्यात पिशव्या टाकतात, त्यांनीच मोरी तुंबवली, यावर लवकरच एकमत झालं.

"आता भोगा म्हनावं," गावातला किसन म्हणाला.

मासेमारी करणारा बाळाराम तिथेच होता. त्याने मान डोलावली नाही. पण नाही असंही म्हटलं नाही.

मोरी कशाने तुंबली हे त्याला ठाऊक होतं. वादळाचा इशारा आला की गावातले मासेमारी करणारे होड्या खाडीतून नाल्यात आणून बांधतात. त्याचा बापही बांधायचा. या वेळी बाळारामची दोरी तुटली आणि होडी मोरीच्या तोंडात आडवी बसली. फांद्या, पिशव्या तिला येऊन अडकल्या. ओहोटी लागताच त्याने ती एकट्याने ओढून काढली आणि पुन्हा जागेवर बांधली. घरी येऊन हे फक्त बायकोला सांगितलं.

"कोनी पायलंय?" जमुनाने विचारलं.

"नाय."

"मग जेव."

तो जेवला. भात पुन्हा मागून घेतला. नंतर त्याला हेच जास्त खुपत राहिलं.

बुधवारी सकाळी गीतांजली खाडीवर बाळारामकडे आली. शोधपथकाची मोठी बोट खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शिरत नव्हती.

"काका, तुमची होडी आत जाते म्हणतात."

त्याने तिला बसवलं आणि बांबूने होडी रेटत झाडीत नेली. दोघं दोन्ही बाजूंचं पाणी बघत चालले.

"पोरी, ती मोरी..."

"माहीत आहे. जिन्यावरून समोरच दिसत होतं."

त्याचा हात थांबला. "मग देवलापाशी बोलली का नाय? तुमालाच नावं ठेवत व्हते सगले."

"बोलले असते तर आमच्या आळीतल्या पोरांनी तुमची होडी फोडली असती. मग मी कशात बसून शोधलं असतं?"

त्याने बांबू पुन्हा पाण्यात रोवला.

"तुम्ही मुद्दाम नाही केलं, कळतं मला," ती म्हणाली. "पण आत्ता माझ्याकडून काही वदवून घेऊ नका. त्या बाजूला बघायचं राहिलंय."

संध्याकाळी बाळारामने देवळापाशी सगळं सांगितलं. एकाने शिवी दिली. किसन मात्र खाली बघत होता.

"माजी पन तिथंच बांदलेली व्हती," तो म्हणाला. "माजी दोरी टिकली, येवढंच."

पिशव्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. उद्या कोण कोण होडी काढतंय, एवढंच विचारलं गेलं.

गुरुवारी चार होड्या तिवरांत गेल्या. गीतांजली बाळारामच्याच होडीत बसली. जमुनाने दोघांसाठी दिलेला डबा तिने उघडला नाही, म्हणून त्यानेही उघडला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत सितारामचा पत्ता लागलेला नव्हता.