दातांमधली खिडकी

व्यंगचित्रात ज्याचं थोबाड काढायचं त्याच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, हा त्याचा नियम. तीस वर्षं पाळला. बाकी सगळ्या बाबतींत तो केव्हाच विकला गेला होता. विमा कंपनीच्या कॅलेंडरवरचं दात काढून हसणारं कुटुंब त्याचं, बद्धकोष्ठाच्या गोळ्यांच्या खोक्यावरचा सुटका झालेला टकलू त्याचा, लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात खुर्ची टाकून दोन-दोन मिनिटांत पाहुण्यांची व्यंगचित्रं काढणाराही तोच. तिथे बायका नाक लहान मागायच्या आणि पुरुष डोक्यावर केस. तो देऊन टाकायचा. मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घालायचा आणि पुढच्याला बसा म्हणायचा. संपादकांची तऱ्हा आणखी वेगळी. चित्र कडक आहे म्हणायचे, फक्त जरा कुणाला लागणार नाही असं करा म्हणायचे. म्हणजे सुरी हवी, पण धार नको.

एका माणसाला मात्र त्याने कधी काही देऊ केलं नव्हतं. तो माणूस म्हणजे माजी मंत्री. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याचा फोटो पेपरात आला होता, तोंड उघडं, समोरच्या दोन दातांत काळीकुट्ट फट. याने ती पकडली आणि सोडलीच नाही. फट रुंद करत करत तिची खिडकी केली. कधी त्या खिडकीतून ठेकेदार आत शिरायचे, कधी एखादी शाळाच आत जायची आणि बाहेर यायची नाही. अशी एकसष्ट चित्रं. माणसाला प्रत्यक्ष भेटायची गरजच पडली नाही, कारण पुढच्या प्रत्येक वेळी तो स्वतःचंच जुनं चित्र समोर ठेवून नवं काढायचा. या धंद्यात सगळेच तसं करतात. चेहरा एकदा बसला की माणूस लागत नाही.

आता त्याचं पुस्तक निघणार होतं. तीन प्रकाशकांनी ढकललेलं, चौथ्याने घेतलेलं. वय साठीला टेकलेलं, हातात तेवढंच राहिलेलं. पुस्तक झालं नाही, तर तीस वर्षं काय केलंस या प्रश्नाला बद्धकोष्ठाच्या गोळ्या एवढंच उत्तर उरत होतं. बायको तर स्पष्टच बोलायची. पलंगाखालच्या त्या चित्रांच्या खोक्यांचं पुस्तक तरी करा, नाहीतर रद्दीत तरी घाला, मला केर काढायला जागा होऊ दे.

आणि अशात प्रकाशकाने फोन करून सांगितलं की प्रस्तावना माजी मंत्री लिहिणार, हजार प्रतीही तेच उचलणार, फक्त एकदा घरी भेटायला बोलावलंय. याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चित्रं गाळायला सांगणार. दुसरं काय. मग मात्र त्याने नियम मोडायचं ठरवलं. तोंडावर नाही म्हणायला जाणं म्हणजे काही लाचारी नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली. इस्त्रीचा शर्ट घातला, चित्रांचं बंडल काखोटीला मारलं आणि बसमध्ये एकच वाक्य घोटत बसला: एकही चित्र गाळणार नाही.

बैठकीच्या खोलीत गेला आणि ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. चारी भिंतींवर त्याचीच चित्रं. पेपरातून कापलेली, सोनेरी चौकटींत बसवलेली, एकीखाली एक. ठेकेदार शिरताहेत ते चित्र तर सोफ्याच्या बरोबर वर, पाहुण्यांची नजर आधी तिथेच जावी असं.

माजी मंत्री आले ते हात पसरूनच. हसले. फट जशीच्या तशी होती, रेघेला रेघ जुळावी तशी, आणि क्षणभर याची छाती फुगली. काय पकडलं होतं आपण, एका फोटोवरून.

"बसा हो," मंत्री म्हणाले. "तुम्ही नसता तर मी आज कुठल्यातरी दुकानात गल्ल्यावर असतो."

मग त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. पहिल्या निवडणुकीत निवडून आले ते विरोधकाच्या भानगडीमुळे, यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. स्वतःच्याच सभेत स्वयंसेवकाने मागच्या रांगेत बसवलं होतं. मग चित्रं यायला लागली. पोरं रस्त्यात खिडकीसाहेब म्हणून हाका मारायला लागली. बायका खिडकीतून हसून दाखवा म्हणायच्या. शाळा गिळली ते चित्र आलं त्याच आठवड्यात त्या शाळेच्या वस्तीत यांना हार पडले, कारण पेपरात आलेला माणूस आपल्या दारात आला होता. शाळेचं कुणी विचारलंच नाही.

आधीच येऊन बसलेला प्रकाशक मान डोलवत होता. व्यंगचित्रकाराची कानशिलं तापली होती.

"आणि गंमत सांगू?" मंत्री पुढे झुकले. "माझ्या दातांत फट कधी नव्हतीच. त्या फोटोवर छपाईचा डाग पडला होता. मी त्या छापखान्याला शिव्या घालत होतो, तोवर तुमचं चित्र आलं. पुढे लोक माझ्याकडे बघायचे आणि फट दिसली नाही की हिरमुसायचे. शेवटी दाताच्या डॉक्टरकडे गेलो आणि दोन दात घासून घेतले. सुई दिली होती, तरी कळ पार डोक्यात गेली."

त्यांनी ओठ वर करून दाखवलं. दातांच्या कडा सरळ कापल्यासारख्या होत्या. तीस वर्षं जिला तो कुऱ्हाड समजत होता, ती या माणसाने गंधासारखी कपाळी लावून मिरवली होती.

प्रस्तावना तयारच होती. प्रकाशकाने मोठ्याने वाचून दाखवली. तिच्यात त्याला 'माझा बिनपगारी प्रचारप्रमुख' म्हटलं होतं, आणि प्रकाशकाला ते फार गोड वाटलं. चित्र एकही गाळायचं नव्हतं. उलट मुखपृष्ठासाठी एक नवं हवं होतं, आत्ता, इथेच, साहेबांना समोर बसवून. कागद होता, शाई होती, साहेबांनी खिडकी उघडून पोझही घेतली.

"तोंड मिटा," व्यंगचित्रकार म्हणाला.

मंत्र्यांना वाटलं, काहीतरी युक्ती असणार. त्यांनी मिटलं.

आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने तो चेहरा पाहिला. धरायला काही नव्हतं. नाक नाकाएवढं, कान कानाएवढे. डोळ्यांत एक जुनी भीती, मागच्या रांगेत बसवतील की काय अशी. रांगेत पुढचा कधी सरकतो याची वाट बघणाऱ्या कुठल्याही माणसाचा चेहरा. त्याने काहीही ताणलं नाही, फुगवलं नाही, जे होतं ते काढलं. पाऊण तास लागला. हात इतका नीट कित्येक वर्षांत चालला नव्हता.

प्रकाशकाने कागद हातात घेतला. "हे कोण?"

मंत्र्यांनी तो ओढून घेतला. उजेडाकडे धरून पाहिला. मग वीस वर्षं पदरी असलेल्या सचिवाला आतून हाक मारून त्याच्यासमोर धरला. सचिवाने अदबीने पाहिलं आणि विचारलं, साहेबांचे कुणी नातेवाईक का?

मंत्र्यांचा रंग उडाला. "यात खिडकी काढा," ते हळू म्हणाले.

"ती माझी चूक होती. दुरुस्त केली." त्याने खाली सही ठोकली.

"मास्तर, ठिपका द्या नुसता," मंत्री म्हणाले.

"डॉक्टरकडून घ्या."

पुस्तक तिथेच संपलं. मंत्र्यांनी प्रस्तावनेचे कागद घडी करून खिशात घातले आणि कुणाकडे न बघता आत गेले. जिन्यात प्रकाशकाने त्याला मोकळ्या आवाजात झापलं. सगळं ताटात वाढून ठेवलं होतं, एक काळा ठिपका द्यायला तुमच्या बापाचं काय जात होतं? खरं सांगायचं तर वर जाऊन तो ठिपका देऊन यावा असं त्यालाही एकदा वाटून गेलं. पण पाय खालीच उतरत राहिले.

बस स्टॉपच्या बाकावर बसून त्याने बंडल सोडलं. मंत्र्यांची एकसष्ट चित्रं वेगळी काढली आणि बाकाखाली सरकवली. उरली साडेतीनशे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडांना लावलेला डोळा त्याने आता त्या चित्रांना लावला, एकेक कागद उलटत: हे कुणाला लागलं असेल, हे कुणी चौकटीत लावलं असेल.

पहिल्या पन्नासांत तीन बरी निघाली.