चौथ्या भागाची गर्दी

“चौथ्या भागाला मोठा हॉल देतोस? अरे मामा, एकाच पावडरीचा चहा चौथ्यांदा उकळलास तर रंग तरी येईल का त्याला?”

भाचीने हे तिकीट खिडकीतून, सगळ्या रांगेच्या देखत विचारलं, म्हणून मामाचं डोकं जास्त सणकलं. घरात विचारलं असतं तर त्याने टीव्हीचा आवाज वाढवून विषय मिटवला असता.

थिएटर मामाचं. पडदे दोन. एक मोठा हॉल, आणि दुसरा गोडाऊन मोकळं करून बनवलेला छोटा, ज्यात मध्येच खांब येतो, त्यामुळे अर्ध्या लोकांना हिरो दिसतो आणि अर्ध्यांना त्याला मारणारे. कुठला सिनेमा आणायचा नि कुठे लावायचा, हे आजवर मामा एकटा ठरवत आला होता. त्याचं गणित सरळ होतं. लोकांना नवीन काही नको असतं. माणूस न्हाव्याकडे जातो तो काय नवीन नाक बसवून घ्यायला? ओळखीचा हिरो, ओळखीची मारामारी, शेवटी ओळखीचा स्फोट, की माणूस खूश होऊन घरी. पहिला भाग चालला, दुसरा धावला, आणि तिसरा पडला तो फक्त एसी बिघडला होता म्हणून.

भाचीचं म्हणणं, तिसरा एसीमुळे नाही, हिरोच्या गुडघ्यांमुळे पडला. त्याला जिना उतरायलासुद्धा डमी लागत होता. तिला मोठ्या हॉलला नवा सिनेमा हवा होता. हिरो कुणाला माहीत नाही, गोष्ट कुणाला माहीत नाही, आणि पोस्टरवर आत्ताच छापलेलं, ‘भाग पहिला’.

मामा म्हणाला, पोर अजून पाळण्यात नाही आणि बाई शाळेत नाव घालायला निघाल्या. रांग हसली. भाचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग तिथेच, रांगेच्या साक्षीने, पैज लागली. या शोला ज्याच्या सिनेमाला जास्त लोक, त्याने इथून पुढे सिनेमे निवडायचे. हरणाऱ्याने पॉपकॉर्नच्या मशीनवर उभं राहायचं, आणि ते मशीन कसं अंगावर येतं हे दोघांनाही माहीत होतं.

पैज तशी लागायच्या आधीच संपल्यासारखी होती. मोठा हॉल भरला, वर पायऱ्यांवर पोरं बसली. छोट्यात मोजकी डोकी, त्यातला एक जण चपला काढून आडवा झालेला.

मामा मोठ्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या थिएटरात सुरुवातीची नावं दाखवत नाहीत. लोक पैसे नावं वाचायला देत नाहीत, असं तो म्हणायचा, आणि ऑपरेटर, ज्याला सगळे बॅटरी म्हणत, इमानेइतबारे नावं उडवून थेट गोष्ट चालू करायचा.

पडद्यावर हिरो आला. भलताच कुणीतरी. मामाला जरा खटकलं, पण चौथ्या भागात हिरो बदलतातच. जुना थकला असणार बिचारा. हा नवा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. मारामारी लिफ्टच्या आत झाली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढ्या जागेत, आणि हॉलमध्ये शिट्ट्यांनी कान बधिर झाले. मग व्हिलन समोर आला तर ती हिरोची स्वतःची आई. तिसऱ्या भागात आई वारली होती, पण तेवढं चालतं. मामा केव्हा खाली बसला ते त्यालाच कळलं नाही.

इंटरव्हल झाला तसा तो छाती काढून भाचीला चिडवायला बाहेर आला. पाहतो तर भाचीने बॅटरीच्या शर्टाची बाही पकडलेली.

“मामा, छोट्या हॉलमधले विचारतायत,” ती म्हणाली, “हा सिनेमा भाग पहिला आहे ना? मग हिरो दर दहा मिनिटांनी ‘मी परत आलोय’ असं कुणाला सांगतोय?”

मामाने बॅटरीकडे बघितलं. बॅटरीने चपलेकडे.

“मोठा डबा मोठ्या हॉलला. तुम्हीच सांगितलंय, मामा. रिळांच्या काळापासून. या वेळी नव्याची हार्ड डिस्क मोठ्या डब्यातून आली, मी काय करू?”

मग मामा सावरला. म्हणाला, काही असो, तिकिटं माझ्या चौथ्या भागाच्या नावावर फाडली, म्हणजे गर्दी माझी. भाची म्हणाली, आली तुझ्या नावावर, बसलीय माझ्यावर. मामा म्हणाला, बसलीय कारण तिला माहीत नाही. भाची म्हणाली, मग सांग की.

हे मात्र मामाला लागलं. फसवून जिंकलो असं उद्या हिने रांगेसमोर म्हटलं तर? तो तडक आत गेला, पडद्याखाली उभा राहिला आणि सगळं खरं सांगून टाकलं. हा चौथा भाग नाही. चौथा शेजारी चालू आहे, ज्याला हवा त्याने याच तिकिटावर खुशाल जावं.

पुढच्या रांगेतला दाढीवाला उठला. मामाचे डोळे चमकले. दाढीवाल्याने विजार वर ओढली आणि परत बसला.

“मामा,” मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “लाईट घालवा.”

मामा बाहेर आला. दारात भाची हाताची घडी घालून उभी. शेजारच्या हॉलमधून ओळखीचा स्फोट ऐकू आला. मामाने तिकडे मानही वळवली नाही.

“बोल मग,” ती म्हणाली, “इथून पुढे सिनेमे कोण निवडणार?”

आत लाईट गेले. मामा एका पायावर उभा असल्यासारखा चुळबुळायला लागला.

“ते मशीन तापत ठेव, येतो मी,” तो म्हणाला. “मला आता जायला हवं. ती आई त्याला लिफ्टमध्ये कोंडून गेलीय, आणि पुढे काय होतं ते मला माहीत नाही.”