दिवाणजींचा संध्याकाळचा डबा

मित्रांनो, गडमुडशिंगीच्या एका घरात माळ्यावर कधी चढलात, तर एका फुटक्या कुंडीमागे मी तुम्हाला दिसेन. स्टीलचा, तीन पुडांचा, कडीला थोडा वाकलेला जुना जेवणाचा डबा. माझ्या झाकणावर 'नेमिनाथ' असे नाव टिंबाटिंबांनी कोरलेले आहे. आता त्यात धूळ बसली असेल, पण वाचता येईल. वाचाल तेव्हा मला जरा हातात घ्या. बऱ्याच दिवसांत कुणी घेतलेले नाही.

राजमतीबाईंच्या लग्नात कोडोलीहून, त्यांच्या माहेराहून, इतर भांड्यांबरोबर मी या घरात आलो. हंडे आणि परातींच्या गर्दीत माझ्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. पण लग्नानंतर त्यांचे यजमान नेमिनाथ कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून लागले आणि माझे नशीब उघडले.

तुम्ही म्हणाल, डबा म्हणजे दुपारचा. मी मात्र संध्याकाळचा होतो. हे जैनांचे घर. दिवस मावळल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात घालायचे नाही, हा इथला नेम. दुकानात सौदे, वजने, गाड्या भरणे यात अंधार पडायचाच, आणि घरी पोहोचेपर्यंत तर चांदण्या दिसायच्या. म्हणून दिवाणजी सकाळी जेवून निघत आणि संध्याकाळचे जेवण माझ्यातून नेत. दशमी, घट्ट पिठले, शेंगदाण्याची चटणी. दिवसभर आतले अन्न गार होत जाई. मला फार वाईट वाटे, पण डब्याने करायचे तरी काय?

ऊन कलले की कृष्णात हमाल गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचता रचता ओरडायचा, "दिवाणजी, बसा की जेवायला! ऊन कट्ट्यावरनं उतराय लागलं!" मग दिवाणजी मला उघडत आणि भिंतीकडे तोंड करून मुकाट जेवत. कृष्णात म्हणे, "काकींचा हात काय भारी हाय! एक दिवस चुकला न्हाई डबा." ते ऐकून मी फुगून जाई. एका माणसाचा नेम आपल्यामुळे टिकतो, एवढा अभिमान एका डब्याला पुरेसा होता.

मी त्या वेळी शाहूपुरीत असे, त्यामुळे घरी संध्याकाळी काय चालते ते मला कधी दिसले नाही. बाजार बंद असला की तेवढा मी घरी. तेव्हा दिवाणजी पाटावर बसत, बाई गरम भाकरी वाढत आणि त्यांचे झाले की उरलेल्या उजेडात घाईने चार घास खात. सगळीकडे असेच असते, असे मी धरून चाललो. वर्षे गेली. मुलगी रोहिणी लग्न होऊन बंगळूरला गेली. दिवाणजींचे केस पिकले, मालकांच्या जागी त्यांचा मुलगा अनेकांत बसला, आणि तरी माझे जाणे-येणे चालूच होते.

गेल्या हिवाळ्यात रोहिणीने आईवडिलांना अंदमानातल्या एका बेटावर पाठवायचे ठरवले. चांगले समुद्राकाठचे रिसॉर्ट, लाकडी खोल्या, नारळाची झाडे. भर हंगामात दिवाणजी निघेनात. अनेकांतनेच त्यांना ढकलले. "जावा की काका, दुकान काय पळून जातंय?"

बाईंनी प्रवासासाठी माझ्यात दशम्या आणि लाडू भरले. दिवाणजी कुरकुरले, "अगं, इमानात डबा? लोक हसतील."

"हसू देत. भूक लागल्यावर लोक वाढायला येत न्हाईत," बाई म्हणाल्या आणि मला कापडी पिशवीत घातले. अशा रीतीने मी विमानात बसलो, बोटीत बसलो आणि कोल्हापूरच्या कुठल्या डब्याने पाहिला नसेल एवढा निळा समुद्र पाहिला.

तिथे पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. रोहिणीने रिसॉर्टवाल्यांना सांगून ठेवले होते, आईबाबांचे जेवण साडेपाचला, उजेडात, कांदा-लसूण न घालता, वाळूवर टेबल मांडून. कोल्हापुरात साडेपाचला चांगले ऊन असते. दिवाणजींनीही घड्याळ बघितले, अजून वेळ आहे म्हणाले आणि दोघे प्रवासाच्या थकव्याने आडवे झाले. पण ते बेट पूर्वेला किती लांब! घड्याळ तेच, सूर्य मात्र तिथला. पाचच्या सुमारास तो बुडालासुद्धा. बाई नवे लुगडे नेसून, मला पिशवीत घेऊन बाहेर आल्या तेव्हा आभाळ काळे झाले होते.

"अहो, दिवस कुठं गेला?"

दिवाणजींनी घड्याळ कानाला लावले. "बंद पडलंय काय गं हे?"

वाळूवर टेबल मांडलेले होते. पांढरा कपडा, फुलांच्या पाकळ्या, मेणबत्त्या. वाढणाऱ्या माणसाने ताटे आणली. दोघे समोरासमोर बसले आणि कुणीही घासाला हात लावला नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा येऊन विचारी, काही चुकले का? दिवाणजी हात जोडून म्हणत, "छान आहे, छान आहे." शेवटी ताटे तशीच परत गेली. मी पिशवीत, बाईंच्या पायाशी. माझ्यात लाडू होते आणि तेही कामाचे नव्हते.

मित्रांनो, इतकी वर्षे या दोघांना मी पाहिले, पण असे समोरासमोर, रिकाम्या हाताने बसलेले कधी पाहिले नव्हते. वाढायचे नाही, दुकान नाही, कुणी हाक मारत नाही. बराच वेळ नुसत्या लाटा ऐकू येत होत्या.

मग दिवाणजी म्हणाले, "भुकेनं कळवळली असशील तू."

"मला सवय हाय."

"कसली सवय?"

"सांजचं न जेवायची. तुमचा डबा सकाळी भरून जायचा. सांजचं एकटीसाठी कोण चूल पेटवणार? रोहिणी होती तवर ठीक होतं. मग भाकरीचा तुकडा घ्यायचा, ओट्यापाशी उभ्या उभ्याच खायचा. कधी तेबी न्हाई."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही इचारलं कुठं?"

ज्या वेळी कृष्णात माझी वाहवा करीत होता, नेमक्या त्याच वेळी मला भरणारी बाई गडमुडशिंगीत एकटी उभी होती. माझ्या तीन पुडांत तिच्यासाठी एकही नव्हते. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाई रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात गेल्या. हातवारे करून, मोडक्या हिंदीत बोलून त्यांनी पोळ्या आणि मुगाची उसळ करून घेतली आणि चहाच्या वेळी माझ्यात भरली. ऊन असतानाच दोघे किनाऱ्यावरच्या एका वाकड्या झाडाखाली बसले. दिवाणजींनी माझी कडी काढली, पोळीची घडी मोडली आणि पहिला अर्धा भाग बाईंच्या पुढे झाकणात ठेवला. बाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या आधी." ते म्हणाले, "दोघं घेऊ की." आणि माझ्यात दोन हात उतरले. मला आत गुदगुल्या झाल्यासारखे वाटले. आजूबाजूला खेकडे तिरके पळत होते आणि ते बघून बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या.

मग रोज तेच. बाकीची जोडपी पाण्यात डुंबत, बोटीतून फिरत. हे दोघे दुपार कलायची वाट बघत. रोहिणी फोनवर विचारी, "आई, समुद्रात गेलीस का?" बाई सांगत, "आमचं जेवान झालं बघ, दोघांचं." तिला त्यातले काय कळणार!

निघायच्या आदल्या दिवशी दिवाणजी म्हणाले, "गावाकडं गेलो की सांजचं घरात जेवायला येणार मी. अनेकांतला सांगतो, पाचला सोड म्हणून."

"बघू की," बाई म्हणाल्या.

परत आल्यावर पहिल्या दिवशी दिवाणजींनी मला नेले. "आजचा दिवस. सांगून येतो." दुकानात गुळाच्या गाड्यांची रांग लागली होती. अनेकांत म्हणाला, "काका, तुम्ही नव्हता तर नुसता गोंधळ झाला." दिवाणजींच्या ओठांवर आलेले शब्द मागे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी, तिसऱ्या दिवशीही मी. ते भिंतीकडे तोंड करून जेवू लागले, पण अन्न उरू लागले. घरी बाई मला घासायला घेताना पुडांत उरलेले अन्न बघत.

मग एका सकाळी त्यांनी मला भरलेच नाही.

"डबा?" दिवाणजींनी विचारले.

"न्हाई. आजपास्नं डबा न्हाई. जेवायचं असंल तर दिवस असताना घरला यायचं. तुम्ही आला न्हाई तर मीबी न्हाई जेवणार."

दिवाणजींनी चपला पायांत सरकवल्या आणि ते रिकाम्या हाताने निघून गेले.

त्या संध्याकाळी मी फळीवर होतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी घरात असण्याची माझी पहिलीच वेळ. बाईंनी चूल पेटवली, पश्चिमेकडच्या सोप्यात दोन पाट मांडले, दोन ताटे वाढली आणि एका पाटाशी बसून राहिल्या. ऊन दारातून आत आले, मग भिंतीवर चढू लागले. भाकरी गार झाली. मला आठवले, मी एवढी वर्षे हेच तर करीत होतो, अन्न घेऊन थांबणे. पण मला भूक नव्हती. या बाईंना होती.

ते आले तर माझे काम कायमचे सुटणार, हे मला स्पष्ट कळत होते. न आले तर उद्या बाईंचे मन विरघळेल आणि मी पुन्हा भरला जाईन, हेही कळत होते. तरी मी म्हणत होतो, या हो दिवाणजी, या.

ऊन भिंतीवरून आढ्याला टेकले तेव्हा फाटक वाजले. दिवाणजी धापा टाकत आत आले. चपला अंगणात कुठेतरी राहिल्या होत्या.

"वाढलंय ना? बस, बस लवकर."

"पाय तर धुवा."

"धुतो. तू बस आधी."

दोघे बसले. भाकरी गार होती, तरी दोघांनी ती संपवली.

तेव्हापासून मी माळ्यावर आहे. उदास वाटते, खोटे कशाला बोलू? पावसाळा आला की कडी गंजेल की काय अशी भीती वाटते. संध्याकाळ झाली की मन शाहूपुरीकडे धावते. मग खालून पाट सरकवल्याचा आवाज येतो, भाजीत मीठ कमी पडल्यावरून दोघांची कुरबुर ऐकू येते आणि मी गप्प पडून राहतो.

मित्रांनो, माझ्या भावंडांना स्वच्छ घासा, कडी वाकवू नका, झाकण हरवू नका. पण तुमच्या घरातून एखादा डबा रोज कुणासाठी भरून जात असेल, तर तो भरणाऱ्या माणसाला एकदा विचारा, तू कधी जेवतेस आणि कुणाबरोबर? आणि जमले तर एखाद्या दिवशी त्या डब्याला घरीच राहू द्या. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.