हाताला पडलेला बंध

स्वारगेटजवळच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी आठ वाजता दीडशे माणसं सतरंजीवर उताणी पडून धापा टाकत होती. बहुतेक तिशीच्या आतबाहेरची, संगणक कंपन्यांत काम करणारी. काहींच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशीही कंपनीचं ओळखपत्र होतं. स्पीकरमधून ढोलाचा ठेका येत होता आणि त्यावर एक गोड, संथ आवाज.

"आणखी जोरात. थांबू नका. आतला मळ श्वासावाटे बाहेर पडतोय. पडू द्या."

हा आवाज उत्तरेश्वरजींचा. पांढरा झब्बा, कानाला माइक, समोर लॅपटॉप. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत होते. पुढे त्यांनी माणसं शुद्ध करायला घेतली. शिबिराचं नाव 'अंतर्यात्रा'. साल २००६.

दहाव्या मिनिटाला एक मुलगी किंचाळली. तिचे हात आपोआप वळत होते. मनगटं आत मुडपलेली, बोटं एकमेकांना चिकटून ताठ, अंगठा तळहातात दडपलेला. तिला ते उघडता येईनात. मग तिच्या शेजारच्याचे हात वळले, मग पलीकडच्या दोघांचे. उत्तरेश्वरजी एकेकाजवळ जाऊन वाकायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

"हा बंध आहे. कुणाला धरून ठेवलंय?"

आणि माणसं सांगत होती. कुणी गेलेल्या आजोबांचं नाव घेत होतं, कुणी न जन्मलेल्या बाळाबद्दल रडत होतं.

मी सर्वांत मागच्या रांगेत होते. माझं नाव सत्यशीला. एकतीस वर्षं मी प्रसूती विभागात नर्स आहे. शुद्ध व्हायला मी आले नव्हते, भाचीला यातून सोडवायचं म्हणून आले होते.

माझी भाची प्रियदर्शनी, आमची प्रिया, एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. नवरा सहा महिन्यांसाठी ऑनसाइट, अमेरिकेत. खडकीच्या घरात ती, तिची चार वर्षांची सृष्टी आणि माझी थोरली बहीण नंदाताई. प्रियाचे वडील, आमचे दशरथभाऊजी, दारूगोळा कारखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्या दुपारी घरून सारखे फोन जात होते आणि प्रिया परदेशी क्लायंटच्या मीटिंगमध्ये होती. मोबाइल सायलेंटवर होता. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

हे तिने कुणालाच बोलून दाखवलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीने 'मन मोकळं होतं' म्हणून तिला शिबिराला नेलं आणि पहिल्याच दिवशी तिचे हात वळले. "कुणाला धरून ठेवलंय?" तिच्या तोंडून निघालं, "बाबांना."

उत्तरेश्वरजींनी डोळे मिटले. मग विचारलं, "घरात सर्वांत लहान कोण आहे?"

"माझी मुलगी."

"हा बंध हातातून हातात जातो. शुद्धी पूर्ण होईपर्यंत तिला स्पर्श करू नका."

शुद्धी पूर्ण व्हायची होती मांजरी गावाच्या पुढच्या एका फार्महाऊसवर. एकवीस दिवस, फोनशिवाय, आणि त्याआधी नोकरीचा राजीनामा.

सहा आठवडे प्रियाने लेकीला हात लावला नाही. वेणी आजी घालायची, अंघोळ आजी घालायची. सृष्टी जवळ आली की ही दोन पावलं मागे सरायची. एका दुपारी पोर झोपेतून रडत उठली. प्रिया धावली आणि दारातच थांबली. हात वळले होते. ना ढोल, ना हॉल, ना उत्तरेश्वरजी. आता तर तिची खात्रीच पटली. सृष्टीने आजीला विचारलं, "आईला मी नको आहे का?" त्या दिवशी नंदाताईने मला फोन केला.

म्हणून मी त्या सतरंजीवर होते. नुसतं बघायचं ठरवलं होतं, पण दीडशे माणसं एका ठेक्यात श्वास घेत असली की आपलाही श्वास त्यात ओढला जातो. थोड्या वेळाने माझे ओठ बधिर झाले. बोटांना मुंग्या आल्या. मग अंगठा हळूहळू आत जायला लागला. मी त्याला थांबवू पाहत होते, तो थांबत नव्हता. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तेच आठवले. उत्तरेश्वरजी तेव्हा माझ्याजवळ आले असते, तर मीही नाव सांगून मोकळी झाले असते.

ते तीन रांगा पुढे होते. मी हाताकडे बघत राहिले आणि वाटलं, हा हात आपण पाहिलाय. एकदा नव्हे, शेकडो वेळा. कळा सोसवेनाशा झाल्या की बाई भराभर श्वास घ्यायला लागते आणि तिचे हात असेच वळतात. "सिस्टर, मला लकवा आला," म्हणून ती घाबरते. आम्ही तिचा खांदा धरून श्वास संथ करायला लावतो. हात सुटतात. त्या बायकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, कुणाला धरून ठेवलंय.

मी तोंड मिटलं, नाकाने सावकाश श्वास घ्यायला लागले. काही मिनिटांत अंगठा बाहेर आला.

तिथून खडकीच्या घरी आल्यावर मी प्रियाला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुझं मेडिकलचं वेगळं. हे आतलं आहे." तेवढ्यात सृष्टी बाहेरून पळत आली, थेट आईकडे. प्रिया भिंतीला टेकली. तिची छाती भात्यासारखी हलायला लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे हात वळले.

"बघितलंस?" ती म्हणाली. "घेऊन जा तिला. मावशी, घेऊन जा."

नंदाताईने पोरीला आत नेलं. मी प्रियाला खाली बसवलं.

"लहानपणी तुला बाबा रविवारी बुद्धविहारात न्यायचे. तिथे श्वासाचं काय सांगायचे?"

ती म्हणाली, "श्वास येतो, श्वास जातो. नुसतं बघायचं. ढकलायचा नाही."

"मग बघ."

आम्ही दोघी बसून राहिलो. तिचा श्वास उतरला. आधी करंगळी हलली, मग सगळी बोटं. ती त्या हाताकडे बघत होती.

"तू घाबरतेस, म्हणून श्वास वाढतो," मी म्हटलं. "श्वास वाढतो म्हणून हात वळतात. हात वळले की आणखी घाबरतेस. एवढंच चाललंय."

"मग सरांचे हात का वळत नाहीत? ते दर रविवारी आमच्याबरोबर असतात."

"असतात. पण श्वास घेतात का तुमच्यासारखा? ते तर सतत बोलत असतात."

पुढच्या रविवारी ठेका सुरू होण्याआधी प्रिया उभी राहिली. मी तिच्या मागेच बसले होते.

"सर, आपली शुद्धी पूर्ण झालेली आहे ना?"

"सात वर्षं झाली," उत्तरेश्वरजी हसले.

"मग आज आपण आडवे पडा आणि न बोलता आमच्यासारखा श्वास घ्या. आपल्या हातांना काही झालं नाही, तर मी उद्या राजीनामा देते."

"अविश्वास हाही मळच असतो, ताई."

मागून तेजस नावाचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मी टेस्टिंगमध्ये आहे. प्रॉडक्ट चांगलं असेल तर टेस्टला हरकत नसते." हॉलमध्ये हशा पिकला.

त्यांना नाही म्हणता आलं नाही. मला वाटतं, नाही म्हणायची गरजही त्यांना वाटली नसावी. आपण शुद्ध आहोत यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता. ते आडवे झाले. ढोल सुरू झाला. आज बाकी कुणी पडलं नव्हतं, सगळे भोवती उभे होते.

पाचव्या मिनिटाला ते जिभेने ओठ चाचपायला लागले. आठव्या मिनिटाला त्यांचा उजवा अंगठा आत गेला. मग डावा. त्यांनी मान उचलून आपले हात पाहिले आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला. कानाचा माइक चालूच होता. सगळ्या हॉलला स्पीकरवर ऐकू आलं, "अहो, मला अटॅक येतोय. कुणीतरी डॉक्टर बोलवा."

मी जवळ गेले. त्यांचाच प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती, जी मी भिंतीला टेकलेल्या प्रियाच्या डोळ्यांत पाहिली होती. मी विचारलं नाही.

नाडी पाहिली. "मी नर्स आहे. छातीत दुखतंय का? नाही ना? मग बोलू नका. तोंड मिटा. श्वास सावकाश सोडा."

पाच मिनिटांनी त्यांचे हात सुटले. ते उठून बसले. माइक काढून मी हातात घेतला आणि सांगितलं ते इतकंच: गरजेपेक्षा जोरात, भराभर श्वास घेतला की शरीरातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो. रक्ताचा समतोल बिघडतो, नसा चाळवतात, मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हात वळतात. साधूचे वळतील, चोराचे वळतील, माझे गेल्या रविवारी वळले होते. यात कुणी मेलेला माणूस नसतो.

सगळ्यांना पटलं असं नाही. एक बाई माझ्यावर चिडल्या. "आमचं चाललेलं बरं होतं," म्हणाल्या. निम्मे लोक मात्र चपला घालून निघाले. मांजरीचं शिबिर झालं, पण मोजक्या माणसांचं. उत्तरेश्वरजी पुढे पुण्यातून गेले. दुसऱ्या शहरात आता नुसतं गाणं म्हणायला शिकवतात, असं ऐकते. शिकवोत.

प्रियाची भीती एका दिवसात गेली नाही. त्या संध्याकाळी सृष्टीची वेणी घालायला ती बसली, तेव्हा बोटांना मुंग्या आल्याच. ती थांबली, श्वास उतरू दिला, पुन्हा केस हातात घेतले. वेणी वाकडी झाली. सृष्टीने ती दोन दिवस सोडू दिली नाही. त्याच आठवड्यात प्रिया पहिल्यांदा त्या दुपारच्या फोनबद्दल आईशी बोलली. दोघी खूप रडल्या. नंदाताई म्हणाली, "अगं, ते शुद्धीवरच नव्हते. तू उचलला असतास तरी बोलले नसते." हे एवढं वाक्य तिला दोन वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं.

आपल्या आत डोकावावंसं वाटणं चांगलंच. जरूर डोकावा. विहारात बसा, देवळात बसा, नाहीतर घरच्या खुर्चीत बसा. पण तुमच्या आत काय दडलंय ते दुसराच कुणी तुम्हाला सांगायला लागला आणि त्याची भीती घालून तुमच्या माणसांपासून तुम्हाला तोडायला लागला, तर तिथेच थांबा. हे असं का होतं, ते डॉक्टरला विचारा, शिक्षकाला विचारा. आणि जो सांगतोय त्याला म्हणा, आधी तुम्ही करून दाखवा. विचारताना भीती वाटेल. प्रियालाही वाटत होती. तरी विचारा.